मोटारीचे ब्रेक-पॅड व डिस्क यांची निवड

कांदा, टोमॅटो वा द्राक्षें घेऊन घाट उतरणारी पिकअप आज पुष्कळ शेतकऱ्यांच्या दारीं उभी असते. बियाणें घेतांना जो दहा दुकानें पालथीं घालतो, तोच शेतकरी ब्रेकचें सामान मात्र मेस्त्री देईल तें मुकाट्यानें घेतो, असें आम्हीं वारंवार पाहिलें आहे. पुढील चाकांचे पॅड व डिस्क यांचाच विचार येथें केला आहे. मागील ड्रमचे लायनर हा निराळा विषय होईल.

ब्रेक म्हणजे गतीची उष्णता करणारें यंत्र होय. बैलगाडी उतारावर आवरण्यासाठीं चाकाच्या धावेवर लाकडी ठोकळा दाबीत; येथें ठोकळ्याच्या जागीं पॅड व धावेच्या जागीं बिडाची डिस्क असते, इतकेंच. अडीच टन वजनाची भरलेली गाडी ३०० मीटर उंचीचा घाट केवळ ब्रेकवर उतरली, तर त्या उष्णतेनें सुमारें २४ लिटर पाणी उकळीस येईल. ही उष्णता बहुतांशीं पुढच्या दोन डिस्कांनाच सोसावी लागते.

सपाटीवर निर्दोष वाटणारा पॅड घाटांत दगा देतो याचें कारण हेंच. पॅडमधील राळ अति तापली म्हणजे वायू सोडूं लागते, घर्षण घटतें, आणि पाय सर्व बळानें दाबूनही गाडी आवरत नाहीं. एका हंगामांत आम्हींही दुकानदाराच्या शब्दावर स्वस्त पॅड बसविले. बाजाराच्या वाटेवर तक्रार नव्हती. परंतु माल भरून माळशेज घाट उतरतांना जळका वास आला, आणि पेडल कठीण असूनही गाडी वेग धरूं लागली. गिअर उतरवून कशीबशी कडेस घेतली व अर्धा तास निवूं दिली. गाडींत दोन मजूर होते.

खरेदीपूर्वीं माप घ्यावें. पॅडचें अस्तर ३ मिलिमीटरवर आलें कीं पॅड बदलावा. डिस्कवर तिची किमान जाडी बहुधा कोरलेली असते; ती मायक्रोमीटरनें चारपांच ठिकाणीं पडताळावी. कडेस न झिजलेली पाळ राहते, म्हणून साधा व्हर्निअर खोटें माप दाखवितो. लेथवर तासून डिस्क किमान जाडीखालीं जात असेल, अथवा तडा कडेपर्यंत गेला असेल, तर नवीच घ्यावी. एकाच चाकाचे पॅड वा डिस्क कधींही बदलूं नये; समोरची जोडी एकदम बदलावी.

पॅडचे मुख्य प्रकार तीन. पहिल्यास 'सेंद्रिय' म्हणतात. या शब्दानें शेतकऱ्यानें भुलूं नये! तो मऊ व शांत, पण उष्णतेस कच्चा. सिरॅमिक पॅड महाग, आवाज व काजळी कमी. घरच्या मोटारीस तो शोभतो. पोलादी तंतूंचा अर्धधातुमय पॅड कुरकुरतो, डिस्कही अधिक खातो, तरी भरल्या गाडीस व घाटास आम्ही तोच पसंत करूं. कांहीं पॅडच्या कडेस दोन इंग्रजी अक्षरें छापलेलीं असतात : पहिलें साधारण तापमानाच्या घर्षणाचें, दुसरें तापल्यावरच्या. 'ई' म्हणजे ०.२५ ते ०.३५, 'एफ' म्हणजे ०.३५ ते ०.४५. दुसरें अक्षर पहिल्याहून खालचें असेल तो पॅड घाटासाठीं घेऊं नये. पॅड किती टिकेल हें मात्र या अक्षरांवरून कळत नाहीं.

डिस्क मूळ मापाचीच हवी. मूळची हवेच्या पोकळ्यांची असेल तर भरीव बसवूं नये. शोभेच्या भोकांच्या डिस्कांस भोकांपासूनच तडे जातात.

जुनी भुकटी फुंकूं नये, ओल्या फडक्यानें पुसावी. जुन्या अस्तरांत अ‍ॅस्बेस्टॉस असूं शकतो, व त्याच्या धुळीनें फुफ्फुसाचा कर्करोग होतो. चाकाच्या हबवरील गंज खरवडल्यावांचून नवी डिस्क चढवूं नये, नाहींतर ती वाकडी फिरते व पेडल थरथरतें. डिस्कवरचें संरक्षक तेल धुवावें. ब्रेक-तेल हवेंतील ओल शोषतें : 'डॉट ३' जातीचें ताजें तेल निदान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाहीं, ओल शिरलेलें १४० अंशांवरही उकळूं शकतें, म्हणून तें दोन वर्षांनीं बदलावें. गाडी हलविण्यापूर्वीं पेडल कठीण होईपर्यंत दाबावें, नंतर रिकाम्या रस्त्यावर ५० किलोमीटर वेगावरून वीसतीस वेळां हळूहळू वेग कमी करावा, मध्यें निवूं द्यावें. आणि पहिले दोनशे किलोमीटर माल भरूं नये.