युद्धाचे मूळ कोठे असते?

दक्षिण दिल्लीत लक्ष्मीबाई नगर नावाची केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांची वसाहत आहे. ज्या झाशीच्या राणीचे नाव तिला दिले आहे, तिचे शौर्य लहान मुलासही ठाऊक असते. परंतु तिला तलवार का उपसावी लागली, याचा विचार त्या मानाने थोडा होतो. राष्ट्राराष्ट्रांत युद्धे का पेटतात हे ज्याला समजून घ्यावयाचे आहे, त्याने झाशीचे प्रकरण अवश्य अभ्यासावे. कारण तेथे पहिली तोफ डागली जाण्यापूर्वीच्या चार वर्षांचा लेखी पुरावा शिल्लक आहे.

श्रीमद्भगवद्गीतेच्या दुसऱ्या अध्यायातील ६२ व ६३ हे श्लोक पुष्कळ गृहस्थांच्या नित्यपाठात असतात. मनुष्य एखाद्या विषयाचे चिंतन करू लागतो, चिंतनातून आसक्ती, आसक्तीतून कामना, कामनेतून क्रोध, क्रोधातून संमोह, मग स्मृतीचा भ्रंश, बुद्धीचा नाश आणि शेवटी सर्वनाश, अशी ही साखळी आहे. ती एका माणसाच्या पतनाची आहे असे आपण समजतो. वस्तुतः राज्येही याच पायऱ्या उतरतात.

झाशीचे नेवाळकर हे मूळचे पेशव्यांचे सुभेदार. १८१७ साली ईस्ट इंडिया कंपनीने रामचंद्ररावांशी तह करून झाशीचे राज्य त्यांच्या वंशात परंपरेने चालेल हे मान्य केले होते. पुढे गंगाधरराव गादीवर आले. २१ नोव्हेंबर १८५३ रोजी त्यांचे निधन झाले. निधनाच्या आदल्या दिवशी त्यांनी आपल्याच कुळातील पाच वर्षांचा मुलगा इंग्रज अधिकाऱ्यांसमक्ष विधिपूर्वक दत्तक घेतला होता, तोच दामोदरराव. धर्मशास्त्राप्रमाणे दत्तक पुत्र औरसासारखाच वारस होय. तरीही फेब्रुवारी १८५४ मध्ये गव्हर्नर जनरल लॉर्ड डलहौसी याने हे दत्तक विधान राज्यापुरते नामंजूर केले. राणीला वार्षिक ६०,००० रुपये नेमून दिले गेले आणि राज्य खालसा झाले.

डलहौसीच्या टिपणातील एक मुद्दा येथे लक्षात घेण्याजोगा आहे. झाशी इंग्रजी जिल्ह्यांच्या मधोमध आहे, ती ताब्यात आली म्हणजे बुंदेलखंडाचा कारभार अधिक सोयीचा होईल, आणि त्यात झाशीच्या प्रजेचेही कल्याणच आहे, असे तो म्हणतो. हेच ते विषयाचे चिंतन! नकाशावर आपल्या रंगाच्या मधोमध दुसऱ्याचा ठिपका दिसतो. तो डोळ्यांत खुपू लागतो. मग तो पुसणे हे आपले कर्तव्यच वाटू लागते. लोभ स्वतःच्या नावाने क्वचितच वावरतो. तो बहुधा सुव्यवस्था, संरक्षण किंवा परोपकार यांची वस्त्रे नेसून येतो, आणि वरपासून खालपर्यंत सारे सज्जन त्याला वाट करून देतात.

राणीने प्रथम शस्त्र उचलले नाही. तिने अर्ज लिहिले, १८१७ च्या तहाची आठवण दिली, जॉन लँग नावाच्या वकिलाचा सल्ला घेतला, लंडनपर्यंत दाद मागितली. सारे व्यर्थ गेले. उलट पतीचे कर्ज तिच्या नेमणुकीतून वसूल करण्याचा तगादा लागला आणि झाशीत गोवधाला मोकळीक मिळाली. येथे गीतेच्या क्रमात थोडा फरक पडलेला दिसतो. कंपनीच्या बाबतीत स्मृतिभ्रंश क्रोधाच्या आधीच झाला होता; दिलेला शब्द विसरण्यास तिला क्रोधाची गरज पडली नाही, लोभ पुरेसा झाला. क्रोध आला तो नंतर, आणि दोन्ही बाजूंना आला. जून १८५७ मध्ये छावणीतील शिपायांनी बंड केले, व शरण आलेल्या युरोपीय स्त्री-पुरुषांची आणि मुलांची कत्तल झाली. राणीचा तीत हात असल्याचे सिद्ध झाले नाही, पण दोष तिच्या माथी आला. मार्च १८५८ मध्ये सर ह्यू रोज याने झाशीला वेढा दिला. एप्रिलच्या आरंभी शहर पडल्यावर जी लूट व हत्या झाली, तिचे वर्णन दक्षिणेच्या आशेने उत्तरेत गेलेल्या वरसईच्या विष्णुभट गोडसे यांनी ‘माझा प्रवास’ या ग्रंथात केले आहे. लढणारा आणि न लढणारा हा भेद तेथे उरला नव्हता. जूनमध्ये ग्वाल्हेरजवळ राणी धारातीर्थी पडली.

पहिल्या अध्यायात अर्जुन म्हणतो की, लोभाने ज्यांचे चित्त ग्रासले आहे त्यांना कुलक्षयाचा दोष दिसत नाही. भगवंतांनी अर्जुनाचा विषाद दूर केला, पण युद्धाच्या कारणाविषयीचे हे निदान खोडले नाही. त्यांनी स्वतः शिष्टाई करून पाहिली होती; पाच गावांवरही समेट होत होता. राणीचे अर्ज आणि ही शिष्टाई यांची जात एकच.

येथे एखादा गृहस्थ म्हणेल, हे राजेरजवाड्यांचे झाले. आमचा यात काय संबंध? १८३३ च्या कायद्याने कंपनीच्या भागीदारांना साडेदहा टक्के लाभांशाची हमी मिळाली होती, आणि तो हिंदुस्थानच्या महसुलातून द्यावयाचा होता. हे भागीदार कोण? बहुतेक आपल्या मुलाबाळांत रमणारे, देवभीरू इंग्रज गृहस्थ. त्यांच्यापैकी कितीकांनी झाशीचे नाव तरी ऐकले असेल? रक्कम वेळेवर येत होती, एवढे त्यांना पुरे होते. तिसऱ्या अध्यायात अर्जुन विचारतो की, इच्छा नसतानाही मनुष्य कोणाच्या बळजबरीने पाप करतो. काम आणि क्रोध, हे भगवंतांचे उत्तर त्या लाभांशालाही लागू पडते.

आता पुन्हा लक्ष्मीबाई नगराकडे पाहावे. सरकारी क्वार्टर कोणाच्याही मालकीचे नसते. नोकरी आहे तोवर वास्तव्य. निवृत्तीनंतर ठराविक मुदतीत ते रिकामे करून द्यावे लागते, हे प्रत्येक रहिवाशाला पहिल्या दिवसापासून माहीत असते. तरीही अशा वसाहतींत दोन घरांमधल्या हातभर जागेवरून, तेथे कुंड्या कोणी ठेवाव्यात आणि स्कूटर कोणी लावावी यावरून, शेजारी वर्षानुवर्षे अबोला धरतात. दोघेही सकाळी देवापुढे बसतात, दोघांच्याही पाठात ते दोन श्लोक असू शकतात, आणि दोघांनाही मनापासून वाटते की, जागा आपल्याच दाराच्या मधोमध येते.