मोजक्या पैशांत जुनी मोटार : तंजावरच्या खरेदीदारासाठी काही पाठ

व्यंकोजीराजांनी १६७६ च्या सुमारास तंजावरात भोसल्यांची गादी स्थापिली व १८५५ पर्यंत ती टिकली. त्या काळापासून कावेरीच्या या खोऱ्यात स्थायिक झालेली मराठी कुटुंबे आजही तेथे आहेत. त्यांच्या जोडीला बँका, रेल्वे व केंद्र शासनाची कार्यालये यांतून बदलीवर येणारा महाराष्ट्रीय कर्मचारीवर्गही असतो. या दोन्ही वर्गांपुढे कधी ना कधी एक प्रश्न उभा राहतो. घरात वृद्ध आई-वडील आहेत, तपासणीसाठी तिरुचिरापल्लीपर्यंत सुमारे ५५ किलोमीटर जावे लागते, कुंभकोणमला आप्त आहेत. मात्र नवी मोटार आवाक्याबाहेर आहे. अशा वेळी दहा-बारा वर्षांची जुनी मोटार हा पर्याय समोर येतो. तो चुकीचा नाही. परंतु नव्या गाडीच्या खरेदीत जी काळजी उत्पादक व विक्रेता घेतात, ती सर्व येथे खरेदीदारालाच घ्यावी लागते.

अंदाजपत्रक : किंमत म्हणजे खर्च नव्हे

जवळ दोन लाख रुपये आहेत म्हणून दोन लाखांची गाडी पाहणे, ही या व्यवहारातील सर्वांत सामान्य चूक होय. प्रमाण लक्षात यावे म्हणून एक उदाहरण घेऊ. एकूण २,००,००० रुपयांपैकी गाडीची किंमत १,५०,००० रुपये धरावी. नावबदल व विमा यांसाठी १५,००० रुपये, टायर, बॅटरी, ब्रेक, पट्टे व तेलबदल यांसाठी २५,००० रुपये आणि पहिल्या सहा महिन्यांतील अनपेक्षित दुरुस्तीसाठी १०,००० रुपये राखून ठेवावेत. आकडे गाडीगणिक बदलतील; परंतु चौथा हिस्सा हाती राखण्याचे तत्त्व बदलू नये.

कर्जाचा विचार करताना ध्यानात घ्यावे की, बँका सहसा गाडीचे वय व परतफेडीची मुदत यांची बेरीज पाहतात. त्यामुळे फार जुन्या गाडीस वाहनकर्ज मिळणे कठीण जाते आणि ग्राहक वैयक्तिक कर्जाकडे किंवा सोनेतारणाकडे वळतो. १,५०,००० रुपये १२ टक्के दराने ३६ महिन्यांसाठी घेतले, तर मासिक हप्ता सुमारे ४,९८२ रुपये येतो व व्याजापोटी सुमारे २९,३५० रुपये जातात. दर वाढला की हा बोजाही वाढतो. हप्ता, इंधन व देखभाल मिळून दरमहा किती रक्कम जाईल, हे आधी कागदावर मांडावे. ती रक्कम पेलवत नसेल, तर आणखी वर्षभर आवर्ती ठेव चालवून मग खरेदी करणे अधिक शहाणपणाचे ठरते.

गाडीचे वय आणि कायद्याचे वय

खासगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांसाठी वैध असते. त्यानंतर तपासणी करून दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावे लागते. या नूतनीकरणाचे शुल्क १ एप्रिल २०२२ पासून ६०० रुपयांवरून ५,००० रुपये झाले आणि २० वर्षांवरील मोटारींसाठी ऑगस्ट २०२५ मध्ये ते १०,००० रुपये करण्यात आले. तमिळनाडूत १५ वर्षांवरील खासगी गाड्यांना हरित करही भरावा लागतो. म्हणून २०१२ साली नोंदलेली गाडी स्वस्त वाटली, तरी २०२७ मध्ये येणारा हा खर्च आजच किमतीतून वजा करून सौदा करावा.

मारुती ८०० चे उत्पादन जानेवारी २०१४ मध्ये थांबले. तिचे सुटे भाग मात्र लहान गावातील मेकॅनिकलाही परिचित आहेत. याउलट जनरल मोटर्सने २०१७ अखेर भारतातील विक्री थांबवली व फोर्डने सप्टेंबर २०२१ मध्ये येथील उत्पादन बंद करण्याचे जाहीर केले. या गाड्या जुन्या बाजारात त्यामुळेच स्वस्त मिळतात. त्या घेण्यापूर्वी भाग कोठे मिळतात व किती दिवसांत येतात, याची चौकशी तंजावर व तिरुचिरापल्लीत करावी. सुरक्षिततेचाही विचार हवा. चालकापुढील एअरबॅग नव्या गाड्यांत १ जुलै २०१९ पासून सक्तीची झाली. त्यापूर्वीच्या अनेक स्वस्त गाड्यांत ती नसते.

पुराचे पाणी आणि समुद्राची हवा

तंजावरच्या खरेदीदाराने हा पाठ विशेष लक्षपूर्वक वाचावा. डिसेंबर २०१५ च्या महापुरात आणि डिसेंबर २०२३ च्या मिचाँग चक्रीवादळाच्या वेळी चेन्नईत असंख्य मोटारी पाण्याखाली गेल्या. नोव्हेंबर २०१८ मधील गाजा चक्रीवादळाने तर पट्टुकोट्टै व नागपट्टिनमचा परिसरच झोडपला. बुडालेली गाडी धुऊन-पुसून चकचकीत करता येते. परंतु तिच्या विद्युत् तारांतील गंज महिन्यांनंतर डोके वर काढतो.

सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून पाहावा. तळाच्या भागात चिखलाची रेघ असल्यास संशय घ्यावा. आसनांखालील पट्ट्यांचा गंज, गालिच्याखालचा दमट वास, डॅशबोर्डखालील तारांच्या जोडांवरील हिरवट थर व दिव्यांच्या काचेतील धुके ही पाण्याची लक्षणे होत. नागपट्टिनम व कारैक्काल किनाऱ्यावर वापरलेल्या गाडीचा तळ, दारांच्या कडा व चाकांवरील कमानी खाऱ्या हवेने कुजल्या आहेत का, हेही उजेडात पाहावे.

इंजिन थंड असतानाच सुरू करण्यास सांगावे. धूर निळसर असेल तर तेल जळते, काळा असेल तर इंधन अपुरे जळते, आणि इंजिन तापल्यावरही पांढरा धूर येत राहिला तर शीतक आत शिरत असण्याची शक्यता असते. टायरवरील चार अंकांपैकी पहिले दोन आठवडा व शेवटचे दोन वर्ष सांगतात. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. मीटरवरील किलोमीटर कमी आणि पायाखालच्या पॅडलचे रबर झिजलेले, असा विसंवाद दिसल्यास सर्व्हिसची नोंदवही मागावी. विक्रेत्याच्या ओळखीचा नव्हे, तर आपण निवडलेला मेकॅनिक बरोबर न्यावा. त्याला दिलेले काही शे रुपये हा या व्यवहारातील सर्वांत स्वस्त विमा होय.

कागदपत्रे : खरी कसोटी

तंजावरची नोंदणी ‘टीएन ४९’ या मालिकेत व कुंभकोणमची ‘टीएन ६८’ मध्ये होते. आर.सी. बुकातील इंजिन व चासी क्रमांक गाडीवरील क्रमांकांशी स्वतः ताडून पाहावेत. एमपरिवहन अथवा वाहन प्रणालीवर मालकाचे नाव, विमा, कर्जबोजा व थकीत चलन तपासावे. कर्जबोजा असल्यास वित्तसंस्थेचा ना-हरकत दाखला व नमुना ३५ यांशिवाय पुढे जाऊ नये. मूळ मालक मृत असल्यास गाडी प्रथम नमुना ३१ द्वारे वारसाच्या नावावर व्हावी आणि मगच सौदा व्हावा.

कारैक्कालची ‘पीवाय ०२’ क्रमांकाची गाडी स्वस्त वाटते. परंतु ती तमिळनाडूत बारा महिन्यांहून अधिक काळ ठेवावयाची तर नमुना २८ चा ना-हरकत दाखला, येथील आजीव कर व नवा क्रमांक हे ओघाने आलेच. महाराष्ट्रातून बदलीबरोबर आणलेल्या गाडीसही हाच नियम लागू आहे.

नावबदल : विकणाऱ्याचीही जबाबदारी

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५० नुसार राज्यांतर्गत विक्रीची सूचना विक्रेत्याने १४ दिवसांत व खरेदीदाराने ३० दिवसांत द्यावयाची असते. त्यासाठी नमुना २९ व ३० भरावे लागतात. बदलीच्या घाईत हे नमुने कोरे सही करून मध्यस्थाच्या हाती देण्याची प्रथा घातक आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले की, गाडी विकली असली तरी नोंदणीपुस्तकात ज्याचे नाव आहे तोच अपघाताच्या भरपाईसाठी मालक समजला जाईल. म्हणजे तीन वर्षांपूर्वी विकलेल्या गाडीच्या अपघाताची नोटीस निवृत्त कर्मचाऱ्याच्या दारी येऊ शकते आणि आयुष्यभराची शिल्लक पणास लागू शकते.

विम्याच्या हस्तांतरासाठी खरेदीदाराने १४ दिवसांत अर्ज करावा. तृतीय पक्षाचे संरक्षण गाडीबरोबर जाते. परंतु अर्ज न केल्यास स्वतःच्या गाडीच्या नुकसानीची भरपाई नाकारली जाऊ शकते. ‘नो क्लेम बोनस’ व्यक्तीचा असतो, गाडीचा नव्हे. तो खरेदीदारास मिळत नाही. संपूर्ण रक्कम धनादेशाने किंवा खात्यातून द्यावी, ताब्याच्या पावतीवर दिनांकाबरोबर वेळही लिहावी आणि काही रक्कम नावबदल होईपर्यंत रोखून ठेवण्याचे लेखी ठरवावे.

सौद्याची वेळ

तमिळ पंचांगातील आडी महिन्यात, म्हणजे जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत, अनेकजण नवी खरेदी टाळतात. ज्याला मुहूर्ताची अडचण नाही, त्याला या काळात किमतीबाबत बोलण्यास अधिक वाव मिळतो. पोंगलच्या सुमारास, सांबा भाताचे पीक हाती येऊ लागते तेव्हा, मागणी वाढते.

सारांश, जुनी गाडी घेताना तीन प्रश्नांची उत्तरे आपल्यापाशी असावीत : गाडी कोणत्या अवस्थेत आहे, कागद कोणाच्या नावावर आहेत आणि खरेदीनंतर हाती किती रक्कम उरते. यांपैकी एकाचेही उत्तर अस्पष्ट असेल, तर गाडी कितीही मनात भरली असली तरी परत फिरावे. बाजारात दुसरी गाडी मिळते. गेलेली बचत पुन्हा उभी करण्यास मात्र वर्षे लागतात.