गाडीची समोरची जाळी घरी बसवताना : आधी हवा, मग शोभा

व्यापारी माणसाची गाडी म्हणजे त्याचे दुसरे दुकानच असते. तिच्यात माल असतो, नमुने असतात, हिशोबाची वही असते आणि वेळेवर पोहोचण्याचा शब्दही असतो. म्हणून गाडीत केलेला कोणताही बदल केवळ हौस म्हणून पाहता येत नाही. त्याचा संबंध धंद्याशी येतो. आज आम्ही एका लहानशा कामाविषयी लिहिणार आहोत : गाडीची समोरची जाळी, म्हणजे बाजारात जिला ग्रिल म्हणतात ती, बाहेरून विकत आणून घरच्या घरी बसवणे. काम तासा-दोन तासांचे आहे. पण चुकले तर काय होते, हे आम्ही स्वतः भोगले आहे.

आमची चूक

मालेगावच्या बाजारात एका हातगाडीचा दांडा लागून आमच्या दहा वर्षांच्या छोट्या गाडीची जाळी फुटली. ही गोष्ट 2023 सालच्या एप्रिल महिन्यातली. कंपनीची जाळी महाग पडत होती. मुंबईतील एका दुकानात तिच्याच मापाची, चकचकीत, बारीक छिद्रांची जाळी दिसली. भाव नऊशे रुपयांनी कमी होता. आम्ही घेऊन आलो आणि शुक्रवारी कारखाने बंद असतात तेव्हा अंगणात बसवून टाकली. गल्लीतला एक तरुण मेकॅनिक उभा राहून पाहत होता. तो म्हणाला, "चाचा, दिसते छान, पण हवा कुठून जाणार?" आम्ही हसण्यावारी नेले.

मे महिन्यात भिवंडीहून परतताना गाडीत कापडाचे तागे आणि चौघे जण होते. कसारा घाट चढताना आधी एसीची हवा गरम झाली. ऊन आहे, असे आम्हाला वाटले. थोड्याच वेळात इंजिनाच्या उष्णतेचा काटा वर सरकू लागला. गाडी कडेला घेतली. दोन तास घाटात गेले. संध्याकाळी सात वाजता ज्या गिऱ्हाईकाला माल दाखवायचा होता, तो वाट पाहून निघून गेला. नऊशे रुपये वाचवले आणि सौदा गमावला, असा हा हिशोब.

जाळीचे खरे काम

जाळी शोभेसाठी असते, हा समज चुकीचा आहे. तिच्या मागे बहुतेक गाड्यांत आधी एसीचा कंडेन्सर असतो आणि त्याच्या मागे रेडिएटर. इंजिनाची उष्णता कूलंट रेडिएटरपर्यंत आणतो आणि समोरून येणारी हवा ती घेऊन जाते. गाडी वेगात असेल तेव्हा हवा आपोआप शिरते. गाडी हळू असेल, चढावर असेल किंवा उभी असेल तेव्हा पंख्याला हवा ओढावी लागते. जाळीची छिद्रे बारीक असली तर पंखा ओढणार तरी कुठून? सपाट रस्त्यावर, थंड हवेत दोष कळत नाही. मे महिना, भरलेली गाडी आणि घाट हे तिन्ही एकत्र आले की तो उघड होतो. एसी आधी गरम होणे ही पहिली सूचना असू शकते. आम्ही ती ओळखली नाही.

छिद्रांचा हिशोब

कापडवाल्याला हे समजावणे सोपे आहे. रीड-पिक वाढले की कापड दाट होते आणि हवा कमी जाते. जाळीचेही तेच आहे. चौकोनी छिद्रांची जाळी असेल तर एका छिद्राची रुंदी मोजावी आणि दोन छिद्रांमधली पट्टी मोजावी. छिद्राच्या रुंदीला, छिद्र अधिक पट्टी या बेरजेने भागावे. जो आकडा येईल त्याला त्यानेच गुणावे. तेवढा भाग मोकळा समजावा.

उदाहरणार्थ, छिद्र 10 मिलिमीटर आणि पट्टी 2 मिलिमीटर असेल तर सुमारे 69 टक्के जागा मोकळी राहते. छिद्र 5 आणि पट्टी 2 असेल तर 51 टक्के. छिद्र 3 आणि पट्टी 2 असेल तर अवघी 36 टक्के. पट्टी तीच, फक्त छिद्र लहान केले तर हवेची वाट जवळजवळ निम्मी होते. आमची जाळी या शेवटच्या प्रकारातली होती. शिवाय तिच्या मागे मजबुतीसाठी रुंद पट्टी होती, तिने आणखी जागा अडवली होती. पिक मोजायचे भिंग आमच्या खिशात नेहमी असते. कापडाला लावले, जाळीला लावले नाही.

येथे एक गोष्ट लक्षात घ्यावी. काही गाड्यांची वरची जाळी कंपनीनेच बरीचशी बंद ठेवलेली असते आणि मुख्य हवा बंपरच्या खालच्या भागातून जाते. म्हणून ठराविक टक्का धरून बसू नये. मूळ जाळीत जेवढी मोकळी जागा होती, निदान तेवढी नव्या जाळीत असावी, हा नियम पाळावा.

बसवण्याची रीत

प्रत्येक गाडीची रचना वेगळी असते, तरी क्रम साधारण असा :

1. गाडी सावलीत, सपाट जागी उभी करावी. इंजिन पूर्ण थंड होऊ द्यावे. गरम असताना पंखा अचानक सुरू होऊ शकतो. किल्ली काढून घ्यावी.

2. समोर सेन्सर, कॅमेरा किंवा दिव्याची वायर असेल तर बॅटरीची ऋण तार सोडवून काही मिनिटे थांबावे. एअरबॅगचे सेन्सर पुढच्या भागात असू शकतात. तेथे हातोडी चालवू नये. काही नव्या गाड्यांत कंपनीच्या चिन्हामागे रडार असतो. त्याच्यासमोर धातूची जाळी लावली तर तो आंधळा होतो. अशा गाडीला बाहेरची जाळी लावूच नये.

3. काढण्यापूर्वी फोटो काढून ठेवावेत. कोणता स्क्रू कोठला, हे कागदावर लिहून त्या त्या वाटीत ठेवावे. बंपरच्या कडेला मास्किंग टेप लावावी आणि खाली जुनी चादर अंथरावी.

4. काही गाड्यांची जाळी बॉनेट उघडून वरून निघते, काहींचा बंपर सैल करावा लागतो. क्लिप लोखंडी पेचकसाने उचकटू नयेत, प्लॅस्टिकची पट्टी वापरावी. जुन्या क्लिप उन्हाने कडक झालेल्या असतात. चार-सहा नव्या आधीच आणून ठेवाव्यात.

5. बंपर काढताना नंबरप्लेटला हात लावू नये. नव्या सुरक्षा नंबरप्लेटचे लॉक एकदा तुटले की पुन्हा बसत नाही.

6. नवी जाळी आधी नुसती टेकवून पाहावी. ताण देऊन बसत असेल तर ती पुढे तडकते. तिच्यात आणि कंडेन्सरमध्ये निदान बोटभर अंतर असावे. लांब स्क्रू कधी वापरू नये. त्याचे टोक कंडेन्सरला लागले तर एसीचा गॅस जातो आणि जाळीच्या कितीतरी पट खर्च येतो.

7. कापलेल्या लोखंडी कडा कानशीने घासाव्यात व प्रायमर लावावा.

8. शेवटी गाडी हलवून खडखड ऐकावी. बॉनेटचे कुलूप नीट लागते की नाही, दोनदा पाहावे. मग एसी चालू ठेवून अर्धा तास गाडी चालवावी आणि काट्यावर नजर ठेवावी. लांबच्या प्रवासाला त्याच दिवशी निघू नये.

काटा वर गेला तर

एसी बंद करावा, सुरक्षित जागी थांबावे, इंजिन बंद करावे. रेडिएटरचे झाकण गरम असताना कधीही उघडू नये. आत दाब असल्यामुळे पाणी 100 अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. झाकण उघडताच ते उसळते आणि हात-तोंड भाजते. तापलेल्या इंजिनावर थंड पाणी ओतू नये, धातूला तडा जाऊ शकतो. पूर्ण थंड झाल्यावरच कूलंट पाहावे.

कायद्याची बाजू

मूळ जागी, मूळ मापाची जाळी बदलणे ही एक गोष्ट आणि बंपरच्या पुढे लोखंडी दांड्यांचा क्रॅश गार्ड लावणे ही वेगळी. असे गार्ड बेकायदेशीर असल्याचे केंद्रीय परिवहन मंत्रालयाने डिसेंबर 2017 मध्ये राज्यांना कळवले. त्यांनी पायी चालणाऱ्याला जास्त इजा होते आणि एअरबॅगच्या कामातही अडथळा येऊ शकतो. 2019 च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम 182 अ प्रमाणे नियमबाह्य बदलासाठी प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. जाळीत लाल दिवे लावण्याच्या मोहात पडू नये. गाडीच्या पुढे लाल दिवा दाखवण्यास मनाई आहे. बाहेरची महाग जाळी लावली तर विमा कंपनीला लेखी कळवावे, नाहीतर नुकसानीच्या वेळी तिचा दावा अडतो.

त्या जाळीचे पुढे काय झाले

घाटातून आल्यावर आम्ही जाळी उतरवली. दुकानदाराने परत घेतली नाही. "माप बरोबर आहे ना, मग तक्रार कसली?" असे तो म्हणाला. आठवड्यातच त्याच मॉडेलच्या गाडीचा एक मालक आमच्याकडे आला. जाळी नवी कोरी दिसत होती आणि तो पूर्ण भाव द्यायला तयार होता. खरे सांगायचे तर क्षणभर मन डळमळले. पण ज्याने ताग्यातला ऐब गिऱ्हाईकाला दाखवून कापड विकायचे, त्याने जाळीतला ऐब कसा लपवावा? आम्ही घाटाची हकीकत सांगितली. तो घेतल्याशिवाय निघून गेला.

शेवटी गल्लीतल्या त्या तरुणालाच बोलावले. त्याने मागची रुंद पट्टी काढली, बारीक पत्रा कापून मोठ्या छिद्रांची जाळी आतून बसवली आणि कडा रंगवल्या. मजुरी त्याने सांगितली तेवढी आम्ही दिली, घासाघीस केली नाही. त्यानंतर दोन उन्हाळे कसारा घाट चढलो, काटा जागचा हलला नाही.

जे कारागीर बंधू अशा जाळ्या बनवतात, त्यांना आमची विनंती आहे की मापाबरोबर छिद्राचा आकार आणि कोणत्या गाडीसाठी, हेही चिठ्ठीवर लिहावे. आणि घेणाऱ्यांनी दुकानात पहिला प्रश्न तोच विचारावा, जो त्या मुलाने आम्हाला विचारला होता : हवा कुठून जाणार?