कृत्रिम धागा

नाशिक जिल्ह्यात येवले आणि मालेगाव ही विणकामाची दोन प्रसिद्ध ठिकाणे आहेत. येवल्याच्या हातमागांवर रेशमाची पैठणी विणली जाते; मालेगावच्या यंत्रमागांवर सुताबरोबर पॉलिएस्टरचा धागाही वापरला जातो. रेशीम किड्यापासून मिळते, कापूस शेतात पिकतो. मग पॉलिएस्टर कोठून येते?

ते येते खनिज तेलापासून. रेशमाचा किडा तोंडावाटे चिकट द्रव सोडतो आणि त्या द्रवाचा तंतू बनतो. किड्याची हीच युक्ती मानवाने उचलली. अमेरिकेत वॉलेस कॅरोथर्स यांनी १९३५ साली नायलॉन तयार केले. पुढे १९४१ साली इंग्लंडमध्ये व्हिनफील्ड व डिक्सन यांनी पॉलिएस्टरचा धागा शोधून काढला.

खनिज तेलापासून मिळणाऱ्या द्रव्यांचे लहान रेणू साखळीसारखे एकमेकांस जोडले, की पॉलिएस्टर तयार होते. त्याचे दाणे सुमारे २८० अंश सेल्सियस उष्णतेत वितळवतात. तो रस अतिशय बारीक छिद्रांतून दाबाने बाहेर काढला, की थंड हवेत त्याचे तंतू बनतात. ते ताणून कित्येक पट लांब करतात. त्यामुळे रेणूंच्या साखळ्या एका दिशेने सरळ होतात व तंतूला बळकटी येते.

असे कापड स्वस्त व टिकाऊ असते आणि लवकर वाळते. परंतु ते घाम फारसा शोषत नाही. धुताना त्याचे सूक्ष्म तंतू पाण्याबरोबर नदीस मिळतात आणि वर्षानुवर्षे कुजत नाहीत. किड्याचे रेशीम अखेर मातीत मिसळते. ती युक्ती मानवाला अद्याप पुरती साधलेली नाही. म्हणून असे वस्त्र जपून व पुरते वापरावे, हेच शहाणपणाचे.