घराचे शास्त्र

मुंबईत गिरगाव म्हणून भाग आहे. त्या गिरगावात ठाकूरद्वार आहे. कोकणातली आणि देशावरची पुष्कळ माणसे पोटासाठी मुंबईला गेली. त्यांतली कितीतरी या भागातल्या चाळींत राहिली. तुमच्याही गावचे कुणी तिकडे असेल.

चाळीतली खोली केवढी? दहा फूट रुंद आणि बारा फूट लांब. तिच्यातच चूल, तिच्यातच मोरी, तिच्यातच देव. रात्री तिथेच सात-आठ जणांची अंथरुणे पडत. गावाहून पाहुणा आला की नववे अंथरूण. नळाला पाणी येई पहाटे, तेही थोडा वेळ. तेवढ्यात दिवसभराचे पाणी भरून ठेवायचे. धूर बाहेर जाईल अशी चूल मांडायची. शाळेत जाणाऱ्या मुलाला उजेडाची जागा द्यायची. एका पगारात महिना काढायचा आणि गावाला मनिऑर्डरही पाठवायची. हे सगळे घरची बाई बघत असे. आणि कुणी तिच्या नवऱ्याला विचारले, "बायको काय करते?" तर तो म्हणे, "काही नाही, घरीच असते."

या 'काही नाही'चे एक शास्त्र आहे. त्याला गृहविज्ञान म्हणतात. ते कॉलेजात शिकवतात. त्याची परीक्षा असते, पदवी मिळते.

हे ऐकून पुष्कळांना हसू येते. "भाकरी थापायला कॉलेज कशाला? आमची आई कुठं शिकली होती?" असे ते विचारतात. प्रश्न वाजवी आहे. त्याचे उत्तर नीट दिले पाहिजे.

तान्ह्या मुलाला जुलाब लागले, तर पूर्वी घरोघरी काय करत? पाणी तोडत. पोटात पाणी गेले की जुलाब वाढतील, असे वाटे. मूल सुकत जाई, डोळे खोल जात, आणि पुष्कळदा ते हाती लागत नसे. त्या आईची माया कमी होती का? मुळीच नाही. जुलाबाने अंगातले पाणी आणि मीठ निघून जाते, आणि त्यानेच मूल दगावते, हे तिला कुणी सांगितले नव्हते.

१९७१ साली बंगालात बनगाव येथे निर्वासितांच्या छावणीत कॉलऱ्याची साथ आली. शिरेतून द्यायचे सलाईन संपत आले. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज साखर आणि खाण्याचा सोडा पाण्यात मिसळून ते पाणी रोग्यांना तोंडाने पाजायला लावले. आधी तिथे शंभरातले वीस-तीस रोगी मरत होते. हे पाणी सुरू झाल्यावर ते प्रमाण चारच्या आत आले. पाजणारे कोण? बरेचसे रोग्यांचे नातेवाईकच.

घरी हे पाणी असे करतात: एक लिटर उकळून गार केलेले पाणी घ्यावे. त्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घालावे. मीठ जास्त पडू देऊ नये, ते मुलाला बाधते. आरोग्य केंद्रातली जलसंजीवनीची पुडी मिळाली तर ती अधिक चांगली. अंगावरचे दूध चालूच ठेवावे. जुलाबात रक्त दिसले किंवा मूल मलूल पडले, तर वाट न पाहता डॉक्टरकडे न्यावे.

म्हणजे जुने सगळे चुकीचे का? तसेही नाही. कोकणात उकडा तांदूळ खातात. भात उकडून, वाळवून मग कांडतात. शहरातली माणसे त्याला नाक मुरडतात. त्यांना पांढराशुभ्र तांदूळ हवा. पण तांदळाच्या वरच्या कोंड्यात ब जीवनसत्त्व असते. गिरणीत घासून तांदूळ पांढरा केला की ते कोंड्याबरोबर निघून जाते. भात आधी उकडला की जीवनसत्त्वाचा काही भाग दाण्यात मुरतो, आणि कांडल्यावरही टिकतो. आजीला जीवनसत्त्व हा शब्द ठाऊक नव्हता. तरी तिची रीत बरोबर होती. ती पेजही फेकत नसे, पीत असे. तेही बरोबर, कारण हे जीवनसत्त्व पाण्यात उतरते.

तेव्हा आजीचे कोणते खरे आणि कोणते सोडायचे, हे ठरवायचे कसे? तपासून. गृहविज्ञान हे काम करते.

हे शास्त्र पुढे आणणाऱ्यांत अमेरिकेतल्या एलेन रिचर्ड्स या बाईंचे नाव पहिले घ्यावे लागते. बॉस्टनजवळच्या एमआयटी या मोठ्या संस्थेत त्या रसायनशास्त्र शिकल्या. तिथे शिकणारी पहिली बाई त्याच. १८७३ साली त्यांना पदवी मिळाली. त्यांनी आपल्या प्रांतातल्या नद्या-विहिरींच्या पाण्याचे हजारो नमुने तपासले. वाण्याच्या मालातली भेसळ शोधली. घरातली हवा, पाणी आणि अन्न हा रसायनशास्त्राचा विषय आहे, असे त्या सांगत. १९०९ साली अमेरिकेत गृहविज्ञानाची संघटना निघाली. तिच्या पहिल्या अध्यक्षा त्याच होत्या.

आपल्याकडची गोष्ट ठाकूरद्वारहून फार लांब नाही. नाक्यावरून समुद्राच्या बाजूला चालत गेले की एक मोठा रस्ता लागतो. त्याला पूर्वी क्वीन्स रोड म्हणत. आता त्याचे नाव महर्षी कर्वे मार्ग आहे. त्या रस्त्याने चर्चगेटकडे गेले की जवळच महिला विद्यापीठ आहे.

धोंडो केशव कर्वे कोकणातले. मुंबईत शिकले, मुंबईच्या शाळांत त्यांनी गणित शिकवले. पुढे पुण्याला जाऊन विधवांसाठी आश्रम काढला. जपानात टोकियोला १९०१ साली बायकांचे विद्यापीठ निघाले होते. त्याची माहिती देणारे एक छोटे पुस्तक कर्व्यांच्या हाती आले. तिथे गृहविज्ञानाचा वेगळा विभाग होता. कर्व्यांच्या मनात ते बसले. १९१५ च्या डिसेंबरात मुंबईत सामाजिक परिषद भरली. अध्यक्षपदावरून कर्व्यांनी महिला विद्यापीठाची कल्पना मांडली. १९१६ साली ते पुण्याजवळ हिंगण्याला सुरूही झाले. विद्यार्थिनी बोटांवर मोजण्याइतक्या. शिकवणे मातृभाषेतून. इंग्रजी होतेच, आणि त्याबरोबर गृहजीवनशास्त्र आणि आरोग्यशास्त्रही होते. १९२० साली मुंबईचे सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी आपल्या आईच्या नावाने विद्यापीठाला १५ लाख रुपये देऊ केले. म्हणून त्याचे नाव श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठ. १९३६ साली विद्यापीठाचे मुख्य ठाणे मुंबईला आले.

त्या काळी शिकल्यासवरल्या लोकांतही यावरून वाद झाला. काहीजण म्हणाले, मुलींना वेगळा अभ्यास कशाला? मुले जे शिकतात तेच मुलींना शिकवा. घरकाम शिकवाल, तर मुलगी पुन्हा चुलीपाशीच येईल. हा आक्षेप मला हलका वाटत नाही. लग्नाच्या बाजारात मुलीची किंमत वाढावी, एवढ्यासाठी हा विषय घ्यायला लावणारे आईबाप पुढेही होते. पण दोष त्या विषयाचा नव्हे. घर फक्त बाईचे आहे असे मानले, तिथे चूक झाली. मीठ-साखरेचे पाणी बापालाही करता आले पाहिजे. आता काही कॉलेजांत मुलगेही हा विषय घेतात.

आणि शिकवतात तरी काय? पोळ्या लाटणे हा त्यातला बारीकसा भाग. अन्न आणि पोषण, मुलांची वाढ, कापड आणि कपडे, घराचा पैसा, वेळ आणि श्रम यांचा हिशेब, आणि हे ज्ञान लोकांपर्यंत नेण्याची रीत, असे त्याचे भाग आहेत. मुंबईत जुहूला आणि न्यू मरीन लाइन्सला अशी कॉलेजे आहेत. मराठवाड्यात परभणीच्या कृषी विद्यापीठातही आहे. तिथे या विषयाला आता सामुदायिक विज्ञान म्हणतात. वाकून खुरपणाऱ्या, कापूस वेचणाऱ्या बाईचे कष्ट कशाने कमी होतील, हाही तिथे अभ्यासाचा विषय आहे.

आणखी एका बाईंची गोष्ट सांगायला हवी. कमला सोहोनी या लेखिका दुर्गा भागवत यांच्या धाकट्या बहीण. त्या गृहविज्ञानाच्या नव्हेत, जीवरसायनशास्त्राच्या. पण त्यांचे काम आपल्या ताटातल्या अन्नावरच झाले. १९३३ साली त्या बंगळूरच्या विज्ञान संस्थेत प्रवेश मागायला गेल्या. संचालक होते सर सी. व्ही. रामन. त्यांनी बाई म्हणून नाही म्हटले. कमलाबाई हटल्या नाहीत. शेवटी अटी घालून प्रवेश मिळाला. तिथे त्यांनी दूध आणि डाळी यांतल्या प्रथिनांचा अभ्यास केला. १९३९ साली केंब्रिजची डॉक्टरेट मिळवली. विज्ञानात ती मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय स्त्रियांत त्यांची गणना होते. पुढे मुंबईच्या विज्ञान संस्थेत त्यांनी नीरेवर संशोधन केले. त्याबद्दल त्यांना राष्ट्रपतींचे पारितोषिक मिळाले. म्हातारपणी त्या ग्राहकांच्या संघटनेत काम करू लागल्या, आणि अन्नातली भेसळ घरच्या घरी कशी ओळखावी यावर लिहू लागल्या.

अशा दोन परीक्षा तुम्हीही करून पाहा. पांढरा टिपकागद घ्या. त्यावर चहाची पूड पसरा आणि थोडे पाणी शिंपडा. जरा वेळाने पूड काढून कागद नळाखाली धुवा आणि उजेडात धरा. कागदावर रंगाचे डाग राहिले, तर पुडीला रंग दिलेला आहे. दुसरी परीक्षा लाल तिखटाची. काचेच्या पेल्यात पाणी घेऊन वर चिमूटभर तिखट टाका. ढवळू नका. खाली बसलेला गाळ मग बोटांत चोळा. खरखर लागली, तर त्यात विटेची भुकटी किंवा वाळू आहे असे समजावे. तिखट संपवू नये, पुडी तशीच ठेवावी. दुकानदाराची पावती जपावी. अन्न व औषध प्रशासनाचे कार्यालय जिल्ह्याच्या ठिकाणी असते. तक्रार तिथे करता येते.