सप्लायर म्हणतो ‘डोन्ट बी एक्सायटेड’, तेव्हा तो काय म्हणतो?

चीनहून माल मागवण्याच्या व्हिडिओखाली बऱ्याच जणांनी भाषेबद्दल विचारलंय, म्हणून हा धडा.

माझ्या दुकानासाठी मी ईवूहून 500 पाऊच मागवले होते, सगळे लाल. 120 निळे निघाले. मी तापून मेल टाकला. उत्तर आलं, ‘प्लीज डोन्ट बी एक्सायटेड.’ म्हटलं, माझं नुकसान झालंय आणि हा म्हणतो आनंदाने उड्या मारू नकोस! ऑर्डर बंद करायलाच निघालो होतो.

त्याची काही खोडी नव्हती. चिनीत ‘जीतुंग’ असा शब्द आहे. मन अचानक उसळलं की तो वापरतात, मग ते आनंदाने असो, गहिवरून असो की रागाने. रागावलेल्या माणसाला तिकडे सरळ ‘प्ये जीतुंग’ म्हणतात, म्हणजे ‘शांत व्हा’. शब्दकोशात जीतुंगसमोर ‘एक्सायटेड’ दिसतं, ते तो उचलतो. इंग्रजीत मात्र एक्सायटेड म्हटलं की बहुतेक वेळा खुशीच समजतात. त्याला ‘प्लीज डोन्ट बी अपसेट’ म्हणायचं होतं.

‘आय ॲम व्हेरी एक्सायटिंग’ असंही येईल. हसू नका. चिनीत शब्दाचं रूप आपल्यासारखं बदलत नाही, त्यामुळे एक्सायटेड (मला वाटतं ते) आणि एक्सायटिंग (ज्यामुळे वाटतं ते) यांत गोंधळ होतो. आपणही ‘आय ॲम बोरिंग’ म्हणतोच की!

‘थ्रिल्ड’ फक्त खुशीचाच, आणि मुळातच जोरदार. त्याला ‘व्हेरी’ लावू नका.

खरी गंमत ‘सरप्राइज’ची. चिनी ‘जिंगशी’मध्ये दचकणं आणि आनंद दोन्ही एकत्र आहेत, म्हणजे तो सुखद धक्काच. त्यामुळे ‘वी हॅव अ सरप्राइज फॉर यू’ वाचून घाबरू नका, बहुधा फुकट सॅम्पल असतं. उलट तुम्ही चिडून ‘युअर माल वॉज अ बिग सरप्राइज’ असं टोमण्यात लिहिलंत, तर तो खूश होऊन पुढचा कोटेशनही पाठवेल!

म्हणून तक्रारीत भावना कमी, आकडे जास्त. मी दुसऱ्या मेलमध्ये एवढंच लिहिलं: ‘वी ऑर्डर्ड 500 रेड. वी गॉट 380 रेड, 120 ब्लू. प्लीज सेंड 120 रेड विथ नेक्स्ट ऑर्डर.’ सोबत उघड्या कार्टनचे फोटो जोडले. पुढच्या खेपेला 120 लाल पाऊच आले, आणि निळे परतही मागितले नाहीत.