मैदानावरचे बळ शेतातल्या धान्यात

जालना जिल्ह्यातील भोकरदन तालुक्यात राजूर हे राजुरेश्वर गणपतीचे प्रसिद्ध क्षेत्र आहे. चतुर्थीस येथे दूरदूरचे भाविक पायी येतात. हा प्रदेश ज्वारी, बाजरी, तूर, मूग आणि हरभरा पिकविणारा. या भागातील जे तरुण पोलीस भरतीची तयारी करतात, त्यांच्यापुढे मुलांसाठी १६०० मीटर व मुलींसाठी ८०० मीटर धावण्याची कसोटी असते. पहाटे केवळ चहाबिस्किटांवर धावावयाचे आणि दम टिकत नाही म्हणून प्रथिनांच्या भुकटीचा महागडा डबा आणावयाचा, हा मार्ग मात्र हिताचा नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत, शरीर कमावण्यासाठी अशा भुकट्या टाळाव्यात, असे स्पष्ट सांगितले आहे.

प्रथिनांचा हिशेब

सोळा ते अठरा वर्षांच्या मुलास दररोज सुमारे ५५ ग्रॅम व मुलीस ४६ ग्रॅम प्रथिने लागतात. दिवसभरात ३०० ग्रॅम ज्वारीच्या पिठाच्या भाकरी खाल्ल्या तर सुमारे ३० ग्रॅम, ७५ ग्रॅम डाळ किंवा कडधान्यातून १६ ग्रॅम आणि मूठभर, म्हणजे ४० ग्रॅम शेंगदाण्यांतून १० ग्रॅम प्रथिने मिळतात. एकूण ५६ ग्रॅम झाली. धान्यात जो घटक कमी असतो तो डाळीत भरपूर असतो आणि डाळीतील उणीव धान्य भरून काढते. म्हणूनच भाकरीबरोबर वरण किंवा उसळ हवीच. नुसती भाकरी व ठेचा पुरेसा नाही.

मुलींच्या ताटाकडे लक्ष हवे

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (२०१९-२१) देशातील १५ ते १९ वयोगटातील सुमारे ५९ टक्के मुली व ३१ टक्के मुलगे रक्तक्षयाने पीडित आहेत. रक्तात लोह कमी असेल तर स्नायूंना प्राणवायू कमी पोहोचतो, धाप लागते व अभ्यासातही लक्ष लागत नाही. अनेक घरांत मुली सर्वांच्या शेवटी, उरलेसुरले जेवतात. ही रूढी मोडल्याशिवाय कोणतीही पाककृती उपयोगी पडणार नाही. बाजरी, हरभऱ्याचा पाला, तीळ यांतून लोह मिळते. लिंबू किंवा आवळा सोबत घेतल्यास ते अंगी लागते. जेवणालगतचा चहा मात्र ते वाया घालवितो. रक्तक्षय असल्यास आरोग्य केंद्रात तपासणी करून लोहाच्या गोळ्या घ्याव्यात.

तीन सोप्या कृती

मटकीची उसळ : मटकी रात्रभर भिजवून फडक्यात बांधावी. मोड आल्यावर मोहरी, हिंग व कांद्याच्या फोडणीत मऊ शिजवावी. लिंबू पातेले खाली उतरविल्यावरच पिळावे, कारण उष्णतेने त्यातील क जीवनसत्त्व नष्ट होते.

बाजरीची खिचडी : एक वाटी बाजरी ओलसर करून कांडावी, कोंडा पाखडून टाकावा. तीत अर्धी वाटी मुगाची डाळ, हळद, मीठ व पाच वाट्या पाणी घालून मऊ शिजवावी. वरून जिऱ्याची फोडणी द्यावी.

शेंगदाणा-तिळाचे लाडू : एक वाटी भाजलेले शेंगदाणे, अर्धी वाटी भाजलेले तीळ व अर्धी वाटी गूळ एकत्र कुटून लाडू वळावेत. धावून आल्यावर एक लाडू उत्तम.

काही पथ्ये

धावण्यापूर्वी अर्धा तास एक केळे किंवा अर्धी भाकरी पुरते. भरपेट जेवणानंतर दोन तास धावू नये. चतुर्थीच्या उपवासात साबुदाण्याऐवजी राजगिरा व शेंगदाणे घ्यावेत. साबुदाण्यात पिष्टाखेरीज फारसे काही नसते. ब-१२ हे जीवनसत्त्व वनस्पतिजन्य अन्नातून मिळत नाही. त्यासाठी शाकाहारी मुलांनी दूध, दही वा ताक रोज घ्यावे.

घरच्या कोठारात जे आहे, तेच योग्य प्रमाणात, योग्य वेळी आणि मुलगा-मुलगी असा भेद न करता वाढले, तर मैदानावरील कसोटीस आपली मुले खचित उतरतील.